आरोपीचा वकील
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



युद्धात पकडलेल्या माणसाचा खटला लष्करानेच चालवायचा, तर त्याचे नियम कोणी करावेत, यावर मी चार शब्द बोलणार आहे.

11 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेत सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारली गेली. हे घोर पाप होते. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नाही. पण त्याच नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केवळ आपल्या हुकमाने खास लष्करी न्यायमंडळे स्थापली. तेथे आरोपीला सुनावणीतून बाहेर ठेवता येई, त्याच्याविरुद्धचा पुरावा त्याच्यापासूनच लपवता येई. क्यूबातील ग्वांतानामो तळावर सुमारे 780 माणसे डांबली गेली. बहुतेकांवर खटला कधी भरलाच नाही.

त्यांतला एक येमेनचा सलीम हमदान, बिन लादेनचा मोटारचालक. गुन्ह्याची कबुली मिळावी म्हणून त्याला नौदलातील अधिकारी चार्ल्स स्विफ्ट हे वकील देण्यात आले. स्विफ्ट यांनी उलट सरकारलाच न्यायालयात खेचले. सर्वोच्च न्यायालयात नील कत्याल यांनी बाजू मांडली. त्यांचे आईवडील भारतातून तिकडे गेलेले. जून 2006 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला : ही मंडळे देशाच्या लष्करी कायद्यात व 1949 च्या जिनीव्हा करारात बसत नाहीत.

तेव्हा कुठे नियम बदलू लागले. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने कैद्यांना नेहमीच्या न्यायालयाचे दार बंद केले. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उघडले. 2009 च्या कायद्याने क्रूर वागणुकीतून काढलेले जबाब बाद ठरवले. हमदानला 2008 मध्ये झालेली शिक्षा 2012 मध्ये रद्द झाली; कारण ज्या कृत्याबद्दल ती दिली, ते घडले तेव्हा युद्धगुन्हा मानले जात नव्हते.

स्विफ्ट यांना मात्र बढती मिळाली नाही आणि नौदल सोडावे लागले.

मित्रांनो, आपल्या माणसासाठी न्याय सगळेच मागतात. जो आपल्याला आवडत नाही, त्याच्यासाठीही तोच नियम मागणे, हा खरा अदल. पालकांनो, मुलगा किंवा मुलगी वकिलीचे नाव काढील, तेव्हा कपाळाला आठी घालू नका. कायदा जाणणारा एक निर्भय माणूस काय करू शकतो, ते आपण पाहिले.