संगमरवरातली बाप्तिस्ता
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा भाग)



पडद्यावर दिसतो आहे तो संगमरवरी अर्धपुतळा इटलीत, फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे. शिल्पकार फ्रांचेस्को लाउराना, काळ साधारण १४७४. पापण्या झुकलेल्या, ओठ मिटलेले, केस वस्त्राखाली झाकलेले. कपाळ एवढे मोठे दिसते, कारण पुढचे केस उपटून ते उंच करायची तेव्हा रीत होती. सौंदर्यासाठी बाईने सोसायचे, हे तिथेही होतेच.

ही बाप्तिस्ता स्फोर्झा, उर्बिनोचा सत्ताधीश फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याची दुसरी बायको. १४६० साली लग्न झाले तेव्हा ती चौदा वर्षांची, तो सदतीसचा. ती लॅटिन आणि ग्रीक शिकलेली. पोप दुसरे पायस यांच्यापुढे तिने लॅटिनमध्ये भाषण केले होते. नवरा पैसे घेऊन दुसऱ्यांच्या लढाया लढणारा सेनापती. तो मोहिमेवर गेला की राज्याचा कारभार तीच पाहायची. पण घराण्याला हवा होता मुलगा. मुलींमागून मुली झाल्या. जानेवारी १४७२ मध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी जुलैत ती गेली. वय सव्वीस. तिची आई कोस्तान्झा वारानो हीसुद्धा नावाजलेली विदुषी. तीही १४४७ साली, मुलगा झाल्यावर, अगदी तरुणपणी गेली होती.

हा पुतळा बाप्तिस्ताच्या मृत्यूनंतरचा. मृत चेहऱ्यावरून घेतलेल्या साच्याचा त्याला आधार असावा, असे अभ्यासक मानतात. आपण ज्याला शालीनता म्हणतो, ती नजर कदाचित मेलेल्या बाईची आहे. गंमत अशी, की लाउरानाच्या इतर स्त्रियाही अशाच खाली पाहतात. जिवंत असो वा मृत, बाईची नजर एकच!

पुतळ्यावर तिच्या नावाआधी ‘दिवा’ असे कोरले आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दिव्य, देवतुल्य. आपल्याला मात्र वंशाचा दिवाच आठवतो.

त्याच शहरात, उफ्फीझी संग्रहालयात, पिएरो देल्ला फ्रांचेस्काने काढलेले या जोडप्याचे समोरासमोरचे चित्र आहे. तिच्या बाजूच्या मागल्या अंगावर चार लॅटिन ओळी आहेत. त्यांत ती भाग्यकाळातही संयमाने वागली आणि थोर नवऱ्याच्या पराक्रमाच्या कीर्तीने शोभली, असा तिचा गौरव आहे. तिच्या विद्येबद्दल, कारभाराबद्दल अक्षर नाही. आणि हे त्या भाषेत, जी ती स्वतः बोलत होती.

तरी तिला निदान नाव उरले. बार्जेल्लोमध्येच वेरोक्कियोने घडवलेली, छातीशी फुले धरलेली एक संगमरवरी स्त्री आहे. ती कोण, यावर अजून वाद चालू आहे. पुढची स्लाइड तिचीच आहे.