कागदावर काहीच चुकलं नाही
(रौप्यमहोत्सव समारंभातील भाषण)



मला ‘कायदा आणि नीती’ असा जड विषय दिलाय. मागे जेवण तयार आहे, त्यामुळे ताणत नाही.

पंचवटीतलं काळाराम मंदिर आपल्याला नवं नाही. पाहुणे आले की आपण आधी तिथेच नेतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं त्याच मंदिराकडे मिरवणुकीने गेली. दरवाजे बंद. सत्याग्रही दारांशी बसून राहिले. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवायला सांगितलं, तोवरही दार उघडलं नव्हतं. अडवणारे सगळेच काही दुष्ट नव्हते. रूढी पाळणं हीच नीती, असं त्यातले कित्येक मनापासून मानत. सरकारी बंदोबस्तही दार बंद ठेवणाऱ्यांच्याच कामी आला. माणूस म्हणून सगळे सारखे, हे मूल्य तेवढं बाहेर उन्हात बसलं होतं. कायदा तिथवर पोचायला १९४७ साल उजाडलं. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा त्या वर्षीचा.

आता उलट झालंय. कायदा पुढे गेला आणि आपण मागे राहिलो. आपण म्हणजे मी, आधी ते सांगतो.

मी सेक्रेटरी असताना एका सभासदाने भाडेकरू ठरवले. नवरा-बायको नोकरी करणारे, एक लहान मुलगी. आडनाव कळल्यावर कमिटीत कुजबुज झाली, “आपल्या लोकांना चालणार नाही.” आजच्या आदर्श उपविधींत भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं असतं. आडनाव चालतं की नाही, हे विचारायचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून लेखी नकार कुणी दिला नाही. मीच सभासदाला फोन केला, “पार्किंगचा प्रश्न आहे हो, जरा थांबा.”

त्या कुटुंबाकडे गाडीच नव्हती!

सेक्रेटरीच्या खुर्चीचीही एक नीती असते. सभासदाशी खरं बोलायचं. ती मी मोडली. पण दप्तर तपासा, इतिवृत्तात एक ओळ सापडणार नाही. ऑडिटरनेही कधी शेरा मारला नाही. ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. त्या सभासदाची मी अलीकडे माफी मागितली, त्या कुटुंबाची अजून नाही. पत्ता शोधतोय.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. भाडेकरूबद्दल कमिटीची हरकत असेल तर ती कारणासह लेखी द्यावी आणि इतिवृत्तात नोंदवावी. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. जेवताना कुणी भेटलं तर बरं होईल.