राजकारण आणि घरचा उंबरठा



महोत्सवाच्या दिवशी राजकारणाचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आम्हां शिक्षकांना तो आता वर्गातच भेटतो. नवा मुलगा बाकावर बसतो न बसतो तोच शेजारचा विचारतो, "तुमचे घर कोणत्या पक्षाचे?" डब्यातली भाजी, अंगावरचा पेहराव, नमस्कार की सलाम, यांवरून माणसाचा पक्ष ठरू लागला आहे.

या हैदराबादने त्याची किंमत पूर्वी मोजली आहे. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' गाण्यास बंदी झाली. ती न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि पुष्कळांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. पुढे रझाकारांनी हिंदूंवर अत्याचार केले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तत्कालीन उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. दोन्ही वेळी माणसाने काय केले हे न पाहता, तो कोणातला एवढेच पाहिले गेले.

या दुसऱ्या अनर्थाची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचवले. त्यापायी काहींनी प्राणही गमावले. ही माणसे राजकारणापासून अलिप्त होती असे नव्हे. परंतु त्यांचा रोजचा धंदा एक होता, आणि ती ओळख गर्दीच्या आरोळीहून बळकट ठरली.

आजची झीज रक्त न सांडता होते. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी राजकारणामुळे मनावर ताण येतो असे सांगितले. पाचांतील एकाची झोप उडाली होती आणि तितक्यांचीच मैत्री बिघडली होती. आपल्याकडे निराळे काय आहे? रात्री अंथरुणात फोन पाहून रक्त तापते, आणि सकाळी सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरला जातो.

राजकारण सोडा, असे आम्ही म्हणत नाही. नळाला पाणी आणि शाळेला शिक्षक हवे असतील तर मत द्यावे लागेल, भांडावेही लागेल. पण भांडून झाल्यावर जिथे एकत्र बसता येईल अशी जागा हवी. ती आपल्या न्यासाने राखावी. शिष्यवृत्तीच्या अर्जावर गुण आणि गरज यांखेरीज काही पाहू नये. औषधाच्या मदतीला कोणाची चिठ्ठी लागू नये. सभागृहाच्या भिंतीवर कोणत्याही पक्षाचा फलक नसावा, आपल्या आवडीच्याही नाही.

हे शेवटचे पाळणे सर्वांत अवघड आहे. म्हणूनच तसा ठराव महोत्सवाच्या याच वर्षी, आपली सर्वांची मने प्रसन्न असताना, व्हावा अशी आमची विनंती आहे.