चुलीवाचून संसार

एखाद्या सुशिक्षित घरात एके दिवशी जाहीर होते की, उद्यापासून या घरात काही शिजावयाचे नाही. दूध नाही, दही नाही, तूप नाही. फळे, पालेभाज्या, गाजर-काकडी, भिजवलेले दाणे आणि मोड आलेले धान्य एवढ्यावर लहानथोरांनी राहावयाचे. जाहीर करणारा बहुधा एकटाच असतो. त्याने एखादे पुस्तक वाचलेले असते, किंवा त्याचे जुने दुखणे महिनाभर फलाहार केल्याने हटलेले असते. ज्यांनी हे ऐकावयाचे ती माणसे मात्र निरनिराळ्या वयांची आणि निरनिराळ्या प्रकृतींची असतात. आजीला दात नसतात, सुनेला पाचवा महिना असतो, आणि धाकट्या मुलाला वरणभाताखेरीज दुसरे अन्न ठाऊकच नसते.

या आहारात दोन व्रते एकत्र आलेली आहेत व ती वेगळी ओळखणे अवश्य आहे. प्राण्यापासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणे हे पहिले. त्यासाठी इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे सोबती यांनी ‘व्हीगन’ हा शब्द घडविला. अन्नाला विस्तव न दाखविणे हे दुसरे व्रत, आणि ते पहिल्याहून जुने आहे. गेल्या शतकाच्या आरंभी झुरिच येथे डॉक्टर बिर्शर-बेनर आपल्या रोग्यांना किसलेले सफरचंद आणि भिजवलेले ओट देत असत. त्यातूनच ‘म्यूस्ली’ हा पदार्थ जगभर गेला. पण त्यांच्यापुढे रोगी असत. निरोगी कुटुंबाची चूल कायमची विझविणे ही गोष्ट निराळी.

तसा प्रयोग हिंदुस्थानात झालेला आहे, आणि तो करणाऱ्याने त्याचा हिशेबही लिहून ठेवला आहे. गांधीजींना या कल्पनेचे आकर्षण तरुणपणापासून होते. लंडनच्या शाकाहारी मंडळाचे अध्यक्ष आर्नोल्ड हिल्स हे कच्च्या अन्नास ‘प्राणदायी अन्न’ म्हणत. त्यांच्या मताची परीक्षा पाहण्यासाठी १८९३ साली प्रिटोरिया येथे गांधीजींनी कच्चे गहू, वाटाणे, मनुका व कवचीची फळे यांवर राहून पाहिले. काही दिवसांतच भूक आणि अशक्तपणा यांनी त्यांना पुन्हा शिजलेल्या अन्नाकडे आणले. ही सारी हकीकत त्यांनी पुढल्या वर्षी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ पत्रात दैनंदिनीसह छापली.

तरीही ओढ गेली नाही. १९२९ च्या उन्हाळ्यात आंध्रच्या दौऱ्यावर असताना राजमहेंद्री येथे निसर्गोपचार करणाऱ्या एका गृहस्थांची व त्यांची गाठ पडली, आणि साबरमतीच्या आश्रमात प्रयोग पुन्हा सुरू झाला. या वेळी गांधीजी एकटे नव्हते. आश्रमातील इतर माणसेही त्यात सामील झाली. आश्रम म्हणजे एक मोठे कुटुंबच, म्हणून गृहस्थाश्रमी माणसाने हाच प्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. जूनमध्ये ‘यंग इंडिया’त गांधीजींनी आपल्या रोजच्या आहाराचे माप दिले: मोड आलेले गहू आठ तोळे, वाटलेले बदाम आठ तोळे, कुटलेला हिरवा पाला आठ तोळे, आंबट लिंबे सहा आणि मध दोन औंस. एवढे अन्न दिवसाच्या दोन जेवणांत वाटून घ्यावयाचे. विस्तवाचा स्पर्श काय तो फक्त लिंबू-मधाच्या पाण्याला. गव्हाऐवजी आठवड्यातून दोनतीन दिवस मोड आलेले हरभरे, आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचे दूध.

आता या मापाचा हिशेब करून पाहावा. एक तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून किंचित अधिक. आठ तोळे म्हणजे सुमारे त्र्याण्णव ग्रॅम. गव्हाचे वजन कोरडे धरले तरी त्यातून तीनशेच्या वर थोडे उष्मांक मिळतात, बदामातून साडेपाचशेच्या आसपास, मधातून पावणेदोनशे. पाला आणि लिंबे यांची भर पाऊणशे-शंभराची. सारी बेरीज अकराशेच्या आगेमागे येते. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला दोन हजारांच्या जवळपास लागतात. बेरजेचा निम्मा भाग एकट्या बदामावर उभा आहे, ही गोष्टही विसरू नये. वाण्याचे बिल देणाऱ्यास ती विसरता येणारच नाही.

गांधीजींना या प्रयोगातून जी फळे हवी होती, त्यांत एक विशेष होते. स्वयंपाकघरातील अखंड राबणुकीतून बायकांची सुटका होईल असे त्यांना वाटे. हेतू थोर, यात शंका नाही. परंतु ज्या घरांनी हा मार्ग धरला आहे, तेथे धूर गेला तरी काम गेले असे दिसत नाही. धान्य निवडा, भिजवा, फडक्यात बांधा, मोडांवर पाणी शिंपडा, पाला तीन पाण्यांतून काढा, किसा, चोचवा, वाटा, नारळ खवून दूध पिळा. शिजलेली भाजी सकाळची संध्याकाळी चालते. चिरलेली काकडी तासाभरात पाणी सोडते. आणि ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी सारे पुन्हा वाटावे लागते. कणिक मळणारा हातच किसणी धरतो, एवढाच फरक.

प्रयोगाचा शेवट लवकर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजींना आमांशाचा विकार जडला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. हे त्यांनी लपविले नाही. प्रयोग सोडल्याचेही ‘यंग इंडिया’त छापले. कोणी डोळे झाकून अनुकरण करू नये, असे तर त्यांनी आरंभीच बजावले होते. त्यांचा विकार कशाने झाला याचा निवाडा आज करता येणार नाही. परंतु पावसाळ्यातला पाला न शिजवता खाणे धोक्याचे, हे कोणताही डॉक्टर सांगेल. गढूळ पाण्यातून येणारे आमांशाचे, विषमज्वराचे जंतू आणि जंतांची अंडी पानांना चिकटून येतात. नुसत्या धुण्याने ती सर्व जातातच असे नाही, उकळीने मात्र मरतात. चातुर्मासात श्रावणापुरती शाक वर्ज्य करणाऱ्या जुन्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते, तरी त्यांच्या नेमाचा या ऋतूशी मेळ बसतो.

कच्च्या अन्नाचे गुण खोटे नाहीत. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने आणि उकळीच्या पाण्याबरोबर बरेचसे नाहीसे होते. कडधान्याला मोड आणले की त्यात हे जीवनसत्त्व वाढते, आणि लोहाला अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात. पण विस्तव केवळ नाश करीत नाही. त्याने पिष्ट फुगून पचनास सुलभ होते, गाजर व टोमॅटो यांतील रंगद्रव्ये शरीरास अधिक मिळतात, आणि काही विषेही मरतात. राजमा भिजवून कच्चा खाल्ला, तर मूठभर दाण्यांनीही ओकाऱ्या व जुलाब होतात. सणकून उकळला की तोच निर्धोक होतो. अळू व सुरण यांच्याविषयी मराठी घरांना निराळे सांगावयास नको. घशाची खाज पुरेशी बोलकी असते.

प्रौढ माणसाने स्वतःपुरते व्रत घेतले तर त्यात इतरांनी बोलण्यासारखे थोडे आहे. कुटुंबाचे तसे नाही. जर्मनीत दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहिलेल्या पाचशेहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे वजन पुष्कळ उतरले होते, आणि पंचेचाळीस वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्के स्त्रियांची मासिक पाळी अनियमित किंवा अजिबात बंद झाली होती. लहान मुलांचा प्रश्न याहून बिकट आहे. मुलाचे पोट लहान आणि गरज मोठी. शंभर ग्रॅम काकडीतून पंधरा-सोळा उष्मांक मिळतात, तेवढ्याच ज्वारीच्या पिठातून तीनशेहून अधिक. चारपाच वर्षांच्या मुलाला दिवसाला बारा-तेराशे लागतात. ते काकडी-कोथिंबिरीतून मिळावेत म्हटले, तर त्याने दिवसभर शेळीसारखे चरत राहिले पाहिजे.

याखेरीज ‘ब-१२’ जीवनसत्त्व आहे. ते १९४८ साली शुद्ध रूपात हाती आले. तेव्हा साबरमतीच्या प्रयोगाला एकोणीस वर्षे लोटली होती. ते वनस्पतींत तयार होत नाही, जंतूच तयार करतात, आणि आपणास ते दूध, अंडी व मांस यांतून मिळते. यकृतात त्याचा साठा असल्याने दूध सोडणाऱ्या प्रौढास वर्षदोन वर्षे काही जाणवत नाही, उलट हलके वाटते. या हलकेपणावरच पुष्कळांचा विश्वास बसतो. तान्ह्या मुलाजवळ असा साठा जेमतेम असतो. आईने हे जीवनसत्त्व घेतले नाही, तर अंगावर पिणाऱ्या मुलाच्या मेंदूची व मज्जांची वाढ खुंटते, आणि ही हानी प्रत्येक वेळी पुरती भरून येत नाही. दूध न घेणाऱ्यांनी याची गोळी घ्यावी असे व्हीगन मंडळी स्वतःच सांगतात. ती घेऊन, डाळी-भाकरी शिजवून व नीट आखणी करून दुधावाचून राहणारी कुटुंबे धडधाकट असू शकतात. अडचण वाढते ती पहिल्या व्रतावर दुसरे चढविल्याने.

मुलावर बापाने आपले मत किती चालवावे, हा प्रश्न गांधीजींच्याही घरी एकदा उभा राहिला होता. १९०२ साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला, छातीतही दोष झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितले. गांधीजींनी ते मानले नाही. मुलाला विचारले, त्यानेही नकार दिला. पण दहा वर्षांच्या तापकरी मुलाचा नकार बापाच्या मतापासून कितीसा वेगळा असणार? ओल्या चादरीत गुंडाळलेल्या त्या मुलाला सोडून गांधीजी चौपाटीवर फेऱ्या घालीत होते, आणि आपला हा हक्क आहे काय, याचा घोर त्यांना लागला होता. मुलगा बरा झाला. तो ईश्वरकृपेने, पाण्याच्या उपचाराने की शुश्रूषेने बरा झाला हे कोण सांगणार, असे बापानेच पुढे आत्मकथेत लिहिले आहे.

त्याच आत्मकथेत आणखी एक जागा आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिले होते, आणि त्यात आईचे दूध सुटल्यावर माणसाला दुधाची गरज नाही असे मत मांडले होते. ते पुस्तक दूरवर पसरले. १९१२ साली त्यांनी स्वतः दूध सोडले. पुढे १९१८ च्या दुखण्यात ते मरणाच्या दारी पोचले, तेव्हा व्रत गाई-म्हशींच्या दुधापुरते होते, शेळीचे घ्यावयास हरकत नाही, अशी वाट कस्तुरबांनी दाखविली. आत्मकथेत त्यांनी आपल्या वाचकांना स्पष्ट बजावले की, त्या पुस्तकावर विसंबून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी हट्ट धरून बसू नये.

मराठी ताटाची डावी बाजू मुळातच विस्तवापासून बरीच दूर आहे. कोशिंबीर, चटणी, लिंबाची फोड, चैत्रात हळदीकुंकवाला भिजवून वाटलेली आंब्याची डाळ, ओटीचे भिजवलेले हरभरे. ही सारी कच्च्या अन्नाचीच मंडळी, फोडणीचा अपवाद सोडून. अलीकडे शहरी घरांत ही डावी बाजू चिमटीएवढी उरली आहे, ती वाढविण्यास कोणाची आडकाठी नसावी. ज्यांना याहून पुढे जावयाचे असेल त्यांनी एक वेळचे जेवण कच्चे ठेवावे, दर पंधरवड्यास मुलांची वजने करून लिहून ठेवावीत, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस आणि दोन वर्षांच्या आतील मुलास या खटाटोपातून वगळावे, आणि रक्तातील ‘ब-१२’ व लोह तपासून घ्यावे.

१९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्याचे ते पुस्तक नव्याने लिहून काढले. बैठे बौद्धिक काम करणाऱ्या माणसासाठी त्यात रोजच्या आहाराचे माप दिले आहे: गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस; आणि कच्ची भाजी एक औंस.