अंगठा लावण्याआधी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



तलासरीजवळच्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी किसान सभेची परिषद भरली आणि हजारो वारल्यांनी 'यापुढे वेठ करणार नाही' असा निर्धार केला. त्या गुलामीची सुरुवात पुष्कळदा एका अंगठ्याने होई. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे, कागदावर अंगठा उठवायचा, आणि मग नवराबायकोने लग्नगडी म्हणून त्याच्याकडे राबायचे. कागदात काय लिहिलेय हे वाचून सांगणारे कुणी जवळ नसे.

आज आपल्या डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर बँक खात्यातून पैसे काढून देणारे अंगठ्याचे मशीन घेऊन माणूस येतो. ही सोय मोलाची आहे. दोन हजार रुपये काढायला मजुरी बुडवून कासा किंवा डहाणू गाठावे लागत नाही. पण या मशीनला ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. शेतात राबून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, अंगठा खरोखरच कधीकधी लागत नाही. लबाड माणूस नेमका याचाच फायदा घेतो. "आजी, लागला नाही, परत लावा," म्हणतो. पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात, दुसऱ्या वेळी पुन्हा निघतात, आणि आजीच्या हातात एकदाचेच पडतात. म्हणून दर अंगठ्यामागे पावती मागा, "व्यवहार झाला नाही" म्हणाला तरी मागा. मोबाइल नंबर खात्याला जोडून घ्या म्हणजे मेसेज येईल. पासबुक भरून आणा. ज्यांना मशीनवरून पैसे काढायचेच नसतात त्यांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे, १९४७ या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाला विचारूनच करा.

दारावरचा दुसरा पाहुणा म्हणजे दागिन्यांना पॉलिश करणारा. त्याची पद्धत मुद्दाम सांगतो. आधी तो तुमचा तांब्या मागतो, पावडर लावून लख्ख करून देतो, फुकट. मग चांदीचे पैंजण. तेही झकास होतात. आता विश्वास बसला. मग मंगळसूत्र हळदीच्या पाण्यात टाकतो आणि डबा बंद करून म्हणतो, "अर्ध्या तासाने उघडा." उघडल्यावर डब्यात हळदीचे पाणीच राहते, नाहीतर सोने तेजाबात झिजून वजनाला उतरलेले असते. हे दुपारी होते, घरात बाई एकटी असताना. तिने एवढेच म्हणावे, "घरातले येऊ देत, मग या." खरा कारागीर परत येईल.

फोनवाल्यांचेही हेच. बोर्डी, घोलवड, चिंचणीला मोठ्या घरांत म्हातारी माणसे राहतात, मुले मुंबईला नाहीतर परदेशी. त्यांना फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पाड्यावरच्या मुलाला व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची फाइल येते. ती उघडून ॲप बसवले की फोनवरचे मेसेज, ओटीपीसकट, भलत्याच्या हाती जाऊ शकतात. शिकलेला बागायतदार काय आणि निरक्षर मजूर काय, दोघांना आधी एकटे पाडले जाते आणि मग घाई केली जाते. "कुणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की फोन ठेवा आणि शेजारच्या घरी जा. झरीला माणसे एकत्र जमली तेव्हाच सावकाराच्या कागदाची भीती गेली, हे या भागाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, वाटेत अडवता आले तर तेवढे वाचतात. बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा तुमची नसताना पैसे गेले आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा तुमच्यावर पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण त्यानंतर जाईल ते बँकेचे. म्हणजे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक तास पैशांत मोजावा लागतो. घरातल्या म्हातारीने सांगितले तर तिच्यावर ओरडू नका, आधी फोन लावा.

आता जड मनाने एक बोलतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यात, गडचिंचले येथे, दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाउनचे दिवस होते, मुले पळवणारे, चोर फिरताहेत अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. तिघे निष्पाप होते. त्यांचे जीव गेले, आणि कित्येक आदिवासी घरांतली माणसे गजाआड गेली. ती अफवाही फसवणूकच होती, फक्त तिने पैसे मागितले नाहीत. मी इथे अनोळखी माणसापासून सावध राहा म्हणतो आहे, म्हणून हेही मलाच सांगितले पाहिजे. दारावरच्या माणसाचा संशय आला तर दार उघडू नका, पैसे देऊ नका, अंगठा देऊ नका. पण त्याला घेरू नका, हात लावू नका, त्याचा फोटो काढून 'चोर' म्हणून गटात टाकू नका. पोलिसांसाठी ११२ लावा, पोलीस पाटलाला बोलवा, आणि ते येईपर्यंत जाणत्या दोन-चार माणसांनी तरुण पोरांना मागे ठेवा.