आधी खराटा, मग टिकाव

(जीर्णोद्धाराच्या कामास प्रारंभ होताना श्रमदानासाठी जमलेल्या ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देहू गावाला जीर्णोद्धार नवा नाही. तुकोबारायांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी येथे विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली. काळाच्या ओघात ते देऊळ मोडकळीस आले. ते पुन्हा उभे करावे असे तुकोबारायांच्या मनाने घेतले आणि त्यांनी ते करून दाखविले. त्यांच्या आत्मपर अभंगांत त्याचा उल्लेख आहे. अंगमेहनत करून देवाचे घर सावरणे ही या गावची जुनी शिकवण होय.

परंतु देवळाचे काम निघाले की एक वाक्य हमखास कानी पडते : "देवाचे काम आहे, देव पाहील." वाक्य भक्तीचे आहे; पण कामाच्या जागेवर ते घातक ठरते. देहूची कितीतरी मुले पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत जातात. तेथे फाटकातून आत शिरताना डोक्यावर हेल्मेट आणि पायांत सेफ्टी बूट असतो. १९६६ साली ४ मार्च रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. म्हणून दरवर्षी त्या दिवशी कारखान्यांतून सुरक्षेची शपथ घेतली जाते, आणि हीच मुले ती घेतात. मग सुटीच्या दिवशी देवळाच्या श्रमदानाला आलेला तोच मुलगा डोक्याला उपरणे गुंडाळून अनवाणी परांचीवर कसा चढतो? कारखान्यात पडणारी वीट आणि देवळात पडणारी वीट, दोहींचे वजन सारखेच असते.

अनवाणी पायांचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून तो स्पष्ट बोललेला बरा. देवळाच्या आवारात पादत्राणे घालू नयेत हा संस्कार उत्तम आहे. परंतु जीर्णोद्धाराचे काम काढताना मूर्तीतील देवत्व विधिपूर्वक कलशात घेतात व पूजा दुसरीकडे सुरू ठेवतात. पुन्हा प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत त्या जागी खिळे, तारांचे तुकडे आणि दगडाच्या कपच्या पसरलेल्या असतात. तेथे बूट घालून केलेले काम हा देवाचा अपमान नव्हे. कामाची हद्द दोरी बांधून आखावी. दोरीच्या आत बूट, दोरीच्या बाहेर देवाच्या पूजेच्या जागी अनवाणी पाय, एवढा नियम केला की संस्कारही राहतो आणि पायही राहतो.

आता स्वच्छतेकडे वळू. या विषयात महाराष्ट्राचे गुरू म्हणजे श्री संत गाडगेबाबा. गावात शिरले की बाबा आधी खराटा हाती घेत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडीत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी आणि आपले देहू येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. २००० साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले गेले. बाबांचा क्रम ध्यानात ठेवावा : आधी झाडणे, मग बाकीचे.

कामावर हाच क्रम जीव वाचवितो. सेंट्रिंगच्या फळीतून वर आलेला खिळा, वाटेत पडलेले घमेले, पायरीवर सांडलेली वाळू, पाण्यातून ओढलेली विजेची वायर, यांतले काहीही मोठे दिसत नाही. पण डोक्यावर ओझे घेतलेल्या बाईला पायाखालचे दिसत नसते. म्हणून सकाळी काम सुरू करण्यापूर्वी अर्धा तास आणि संध्याकाळी काम थांबल्यावर अर्धा तास फक्त झाडलोटीस द्यावा. फळीतला खिळा काढल्याशिवाय ती फळी रचू नये. राडारोडा एका जागी, लोखंड दुसऱ्या जागी, आणि येण्याजाण्याची वाट मोकळी. घेतलेली पहार संध्याकाळी मोजून परत करावी.

काही कामे मात्र नुसत्या झाडण्याने निभावत नाहीत. तेथे जाणता माणूस हवा. जुने बांधकाम उतरवायचे ते वरून खाली, ज्या क्रमाने चढले त्याच्या उलट. खालचा दगड आधी काढला तर वरचे सारे अंगावर येते. पायाचा खड्डा पाच फुटांपेक्षा खोल गेला की बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा आणि उपसलेली माती काठावर न टाकता दूर टाकावी. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे दीड टन भरते. छातीपर्यंत माती आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. परांचीला कठडा हवा, आणि उंचावरच्या गड्याला पट्टा हवा. क्रेनने किंवा चेन पुलीने दगड वर जात असताना त्याच्याखाली कोणीही, अगदी समितीच्या अध्यक्षांनीही, उभे राहू नये.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. हल्ली पुष्कळ देवळांना राजस्थानचा वालुकाश्म वापरतात. तो यंत्राने कापताना जी बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस नावाचा रोग जडतो. एकदा जडला की तो बरा होत नाही. ही धूळ वर्षानुवर्षे खातात ते परगावाहून आलेले कारागीर. आपले देऊळ सुंदर व्हावे म्हणून त्या पाहुण्याने आपला श्वास गमवावा काय? दगड पाणी सोडून ओला कापावा आणि कारागिरास चांगला मास्क द्यावा. तोंडावर बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. मजुरांची लहान लेकरे कामावर खेळतात. त्यांच्यासाठी दोरीच्या बाहेर सावलीची जागा करून एखाद्या आजीबाईने तेथे बसावे. हीसुद्धा सेवाच होय.

फलक लावला की काम भागले, असेही समजू नये. देहूच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीवरच, कुंडमळा येथे जुना लोखंडी पूल होता. तो धोक्याचा आहे हे माहीत होते, सूचनेचा फलकही होता. तरीही १५ जून २०२५ रोजी, रविवारी, त्यावर गर्दी झाली, पूल कोसळला, चार जण दगावले आणि अनेक जखमी झाले. फलक गर्दी अडवीत नाही; गर्दी माणूस अडवितो. म्हणून बीजेच्या आणि पालखी प्रस्थानाच्या दिवसांत कामाच्या हद्दीवर स्वयंसेवक उभा असावा. त्या दिवसांत काम पूर्ण बंद ठेवावे. दर्शनास आलेला वारकरी वर पाहत चालतो, हे विसरू नये.

इंद्रायणीमाईलाही आपल्या कामाचा त्रास होऊ नये. सिमेंटची घमेली धुतलेले पाणी आणि राडारोडा नदीत जाता कामा नये. सिमेंटचे पाणी क्षारयुक्त असते, ते माशांना सोसत नाही. ज्या नदीने तुकोबारायांची गाथा तारली असे वारकरी परंपरा सांगते, आणि जिच्या डोहातील मासे देहूकरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, तिच्या काठी देऊळ बांधून तिलाच घाण करणे शोभत नाही. धुण्याच्या पाण्यासाठी वेगळा खड्डा घ्यावा.

आता थोडे हिशेबाचे. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ साली केंद्र सरकारने खास कायदा केला. पुढे २०२० साली संसदेने याच विषयावरील नवी संहिता मंजूर केली. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुराची राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. समितीने ठेकेदाराकडे मजुरांच्या नोंदणीची विचारणा करावी. रोज कोण कामावर आले, त्याचे नाव, घरचा फोन व रक्तगट यांची वही ठेवावी. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. वही कंटाळवाणी वाटते. पण अपघाताच्या घटकेला तीच पहिली शोधली जाते.

देणगीदारांना एक नम्र विनंती. कळसासाठी, उंबऱ्यासाठी, पायरीसाठी देणारे पुष्कळ असतात, कारण तेथे संगमरवरावर नाव कोरले जाते. पंचवीस हेल्मेट, दहा पट्टे, एक औषधपेटी यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. काम संपले की ती वापरून झिजलेली असतात. तरीही अंदाजपत्रकात त्यांचा वेगळा रकाना असावा आणि तो सर्वांत आधी भरला जावा. सारे मजूर व स्वयंसेवक धडधाकट घरी गेले, हाच त्या देणगीचा शिलालेख.

शेवटी एकच गोष्ट. कोणीही, मग तो पंधरा वर्षांचा स्वयंसेवक का असेना, "थांबा, ही परांची हलते आहे," असे म्हणाला तर काम तत्काळ थांबावे. त्याला कोणी भित्रा म्हणू नये. मुहूर्त चुकला तर पंचांगात दुसरा मिळेल. घरचा कर्ता माणूस दुसरा मिळत नाही. ज्या दिवशी कळस चढेल, त्या दिवशी आज येथे बसलेला प्रत्येक जण, परगावचा कारागीरसुद्धा, आपल्या पायांनी चालत दर्शनाला यावा.

कोपऱ्यात खराटे ठेवले आहेत. प्रारंभ तेथूनच व्हावा.

रामकृष्ण हरि.