नवे गिऱ्हाईक येते कशाने?



बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यावर विसंबून कित्येक नवे दुकानदार भांडवलाचा मोठा वाटा पहिल्याच महिन्यात फलक, रोषणाई आणि जाहिरात यांवर खर्च करून बसतात. एवढे करूनही गर्दी झाली नाही, की ते भाव उतरवितात. त्याचा हिशोब मात्र फारसा कोणी मांडीत नाही. 85 रुपयांना आणलेली वस्तू 100 रुपयांना विकली, तर 15 रुपये सुटतात. तिच्यावर शेकडा 10 सूट दिली, की हाती 5 रुपयेच उरतात. म्हणजे पूर्वीइतकी प्राप्ती व्हावयाची, तर विक्री तिप्पट झाली पाहिजे. मोठा व्यापारी ही झीज काही काळ सोसू शकतो. लहान दुकानदाराचे भाडे आणि नोकराचा पगार तेवढेच राहतात आणि अशा दुकानाला कुलूप लागण्यास फार दिवस लागत नाहीत.

मग थोडक्या खर्चात नवे गिऱ्हाईक आणावे कसे? त्याआधी ते का येत नाही, हे पाहिले पाहिजे. पुष्कळदा अडचण किमतीची नसून संशयाची असते. वस्तू टिकेल काय, आपल्याला वापरता येईल काय, बिघडल्यास दुकानदार ओळख दाखवील काय, असे प्रश्न त्याच्या मनात असतात. त्यांचे निरसन करण्यास पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते.

किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ 1888 सालचा मानतात. तो झाला बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकल हे त्या काळी नवलाचे वाहन होते. ज्याला तिच्यावर बसताच येत नाही, तो ती विकत घेणार कशाला? म्हणून रामुअण्णा सायकल विकण्याबरोबर ती चालविण्यासही शिकवीत. शिकणाऱ्याची भीती मोडली, की विक्रीतील निम्मी अडचण दूर होई.

पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची समजूत आड आली. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. 1910 साली कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे मराठीतील एक नामवंत मासिक झाले. जाहिरातीबरोबर वाचण्याजोगे काही हाती पडले, म्हणून लोकांनी ते जपून ठेवले.

ज्याच्या मालात शिकविण्याजोगे काही नाही, त्याने वेळ पाळावी. गोव्यातील पोदेर सायकलीवर पावाची टोपली बांधून निघतो आणि भोंगा वाजवितो. त्याची सारी जाहिरात त्या भोंग्यात आहे. परंतु भोंग्याहून मोठी गोष्ट ही, की तो ठरल्या वेळी दारी येतो. वाड्यावर नव्याने राहावयास आलेले कुटुंब चार दिवसांत त्याची वाट पाहू लागते.

शेजाऱ्याशी सहकार्य हा तिसरा मार्ग होय. इंदूरच्या सराफ्यात सोन्याचांदीच्या पेढ्या रात्री बंद झाल्या, की त्यांच्याच पुढे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खाण्यासाठी तेथे दुरून लोक येतात. एकाच जागेचा दिवसा एकास आणि रात्री दुसऱ्यास उपयोग होतो. लहान गावातही कापडवाला आणि शिंपी एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवू शकतात. मात्र शेजाऱ्याचे काम चोख असल्याची खात्री आधी करून घ्यावी. त्याने शिवण बिघडविली, तर बोल कापडवाल्यालाही लागतो.

आज मोबाईलवरील नकाशात दुकानाचे नाव आणि वेळ विनामूल्य नोंदविता येते. ही सोय अवश्य घ्यावी. पण दहाची वेळ लिहून अकराला दार उघडणारा दुकानदार आपल्याच हाताने गिऱ्हाईक परतवितो. तसेच रोज सकाळी शंभर जणांना संदेश धाडण्यापेक्षा, दुरुस्तीला दिलेली वस्तू तयार झाल्याचा एकच संदेश वेळेवर गेलेला बरा.

या साऱ्यांतून आपल्या धंद्यास कोणता उपाय मानवतो, हे कळण्यासाठी एक वही पुरे. महिनाभर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, “आमचे नाव आपणांस कोणी सांगितले?” एवढे नम्रपणे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. कोणी फलक सांगेल, कोणी शेजारीण, तर कोणी आधी समाधान पावलेल्या गिऱ्हाइकाचे नाव घेईल. महिनाअखेर ती पाने चाळली, म्हणजे पुढचा रुपया कोठे खर्चावा आणि कोठे वाचवावा, हे दुकानदाराला दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.